बॅटरी चार आण्यांची, भुर्दंड बारा आण्यांचा

वस्तूचा एक भाग झिजला म्हणून सबंध वस्तू टाकून द्यावयाची, ही रीत आपल्या समाजात कधीच नव्हती. नांगराचा फाळ बोथट झाला तर शेतकरी तो लोहाराकडून पाजवून घेई. अगदीच झिजला तर नवा बसवी. त्यासाठी सबंध नांगर मोडीत काढावा, असे कोणाच्या स्वप्नातही येत नसे. कंदिलाची काच तडकली तर काच बदलली जाई, सायकलची ट्यूब कुजली तर ट्यूब बदलली जाई, विजेरीचे सेल संपले तर कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन नवे सेल येत. हाच व्यवहार काही वर्षांपूर्वीपर्यंत मोबाइल फोनलाही लागू होता. २००३ साली बाजारात आलेल्या नोकिया ११०० या फोनचे मागचे झाकण अंगठ्याने सरकवून कोणीही त्यातील बॅटरी बदलू शकत असे. आज घराघरांत असलेल्या स्मार्टफोनला ते झाकणच उरलेले नाही. बॅटरी आत डिंकाने चिकटविलेली आणि वरून फोन बंद केलेला. ती बदलावयाची तर फोन तापवून, खरवडून उघडावा लागतो. ते काम घरी होत नाही आणि गल्लीतही नीट होत नाही.

हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. महागाई, दुष्काळ, बेकारी यांसारखे गंभीर प्रश्न समोर असताना फोनच्या बॅटरीसाठी वृत्तपत्राचे रकाने खर्ची घालावेत काय, असेही कोणी विचारील. परंतु प्रत्येक कुटुंबाच्या खिशातून दर दोन-तीन वर्षांनी काही हजार रुपये ज्या एका रचनेमुळे बाहेर जातात, ती रचना अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने क्षुल्लक मानू नये.

झिजणे हा तिचा स्वभाव

लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ साली प्रथम बाजारात आणली. तिच्या पायाभूत संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शोध थोर आहे, यात शंका नाही. तथापि या बॅटरीचा एक स्वभावधर्म आहे: प्रत्येक वेळी ती भरली आणि रिकामी झाली की तिची साठवणशक्ती कणाकणाने घटते. पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाल्यावर तिची शक्ती मूळच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते, असा फोनच्या बॅटरीचा अनेक वर्षांचा सर्वसाधारण मापदंड होता. अलीकडे काही कंपन्या आठशे वा हजार आवर्तनांचा दावा करतात. रोज एकदा फोन चार्ज करणाऱ्या माणसाची पाचशे आवर्तने दीड वर्षाच्या आत पुरी होतात.

त्यात उष्णतेची भर पडते. फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा, असे ॲपलसारखी कंपनी स्वतःच सांगते. परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जाणे ही नित्याची बाब आहे. पत्र्याच्या छताखाली चार्जिंगला लावलेला, दुपारी शेतात सदऱ्याच्या खिशात तापलेला फोन थंड हवेच्या देशातील फोनपेक्षा लवकर म्हातारा होणार, हे उघड आहे. तेव्हा एकच रचना सर्व जगासाठी करताना तिचा जास्तीत जास्त भुर्दंड मराठवाड्यासारख्या उष्ण आणि तुलनेने गरीब प्रदेशावर पडतो. फोनचा पडदा शाबूत असतो, आतील यंत्रणा काम करण्यास समर्थ असते. केवळ बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही म्हणून फोन निकामी ठरतो.

फोन आता चैन राहिलेली नाही

स्मार्टफोन ही चैनीची वस्तू आहे, ज्याला परवडेल त्याने घ्यावी, हा युक्तिवाद आता टिकणारा नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्र शासनाने ‘ई-पीक पाहणी’ राज्यभर सुरू केली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र फोनवरून पाठवावे, अशी ही योजना आहे. विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती महाडीबीटीच्या संकेतस्थळावरून येते आणि तिचा संकेतांक फोनवर येतो. किसान सन्मान निधीसाठी ई-केवायसी करावे लागते. ताडकळसच्या बाजारात भाजीवालीसमोरही पैसे देण्यासाठी चौकोनी ठिपक्यांचा फलक दिसतो. नागरिकाने फोन बाळगावा, असे शासनानेच गृहीत धरले आहे. मग त्या फोनच्या बॅटरीचा प्रश्न केवळ ग्राहकाचा आणि कंपनीचा खाजगी प्रश्न कसा राहील? पीक पाहणीच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी बांधावर फोन बंद पडला, तर नुकसान शेतकऱ्याचे होते. फोन बनविणाऱ्याचे होत नाही.

या बाबतीत आपल्याच राज्यातील एक उदाहरण विसरता येण्याजोगे नाही. पोषण अभियानाच्या नोंदी ठेवण्यासाठी राज्यातील अंगणवाडी सेविकांना सरकारने सुमारे एक लाख स्मार्टफोन दिले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये हजारो सेविकांनी ते फोन शासनाला परत करण्याचे आंदोलन केले. फोन तापतात, अडकतात, त्यांची क्षमता कामाला पुरत नाही आणि दुरुस्तीचा हजारो रुपयांचा खर्च तुटपुंज्या मानधनातून आमच्या माथी मारला जातो, अशी त्यांची तक्रार होती. त्या आंदोलनाची कारणे बॅटरीपुरती मर्यादित नव्हती, हे खरे. परंतु वस्तू विकत घेताना तिच्या दुरुस्तीचा खर्च कोणी, किती आणि कोठे करावयाचा याचा विचार खरेदीच्या कागदावर झाला नाही, तर तो बोजा शेवटी सर्वांत दुबळ्या खांद्यावर येऊन पडतो, हा धडा त्यातून घ्यावयास हवा.

हिशेब मांडून पाहू

समजा, एका कारकुनाने १२ हजार रुपयांचा फोन घेतला आणि दोन वर्षांनी बॅटरी थकली म्हणून तेवढ्याच किमतीचा दुसरा घेतला. चार वर्षांचा खर्च २४ हजार झाला. त्याऐवजी दोन वर्षांनी हजार रुपयांची नवी बॅटरी घालून तोच फोन आणखी दोन वर्षे चालविला असता, तर खर्च १३ हजार झाला असता. फरक ११ हजारांचा. घरात तीन फोन असतील, तर चार वर्षांत ३३ हजार रुपये. लहान नोकरदाराच्या घरात एवढ्या रकमेत मुलाच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा बराच खर्च भागतो.

मग माणसे बॅटरीच का बदलत नाहीत? कारण बॅटरीची किंमत आणि बॅटरी बदलण्याची किंमत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ताडकळससारख्या गावात कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र नसते. त्यासाठी परभणी किंवा नांदेड गाठावे लागते. एस.टी.चे जाण्या-येण्याचे भाडे, बुडालेली मजुरी वा खर्ची पडलेली किरकोळ रजा, सुटा भाग उपलब्ध नसल्यास दुसरी खेप, तोपर्यंत फोनवाचून अडलेली कामे आणि फोनमधील माहिती पुसली जाण्याची धास्ती, हे सारे त्या हजार रुपयांत मिळवावे लागते. अर्थशास्त्रात याला व्यवहारखर्च म्हणतात. आपल्या भाषेत त्याला चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात. हा मसाला एवढा महाग होतो की दुकानदाराने पुढे केलेला नवा फोन आणि त्याचे मासिक हप्ते ग्राहकाला सोयीचे वाटू लागतात. बॅटरी अंगठ्याने निघत असती, तर हा सारा मसाला शून्यावर आला असता.

दोन वेगवेगळ्या आयुर्मानाच्या वस्तूंची एक मोट बांधली की मोटेचे आयुष्य त्यांतील अल्पायुषी वस्तूएवढे होते. बंद बॅटरीच्या फोनमधील सारी मेख एवढीच आहे.

इतिहासाची साक्ष

टिकाऊ वस्तू विकणाऱ्याची एक अडचण असते. त्याची वस्तू जितकी टिकेल तितका त्याचा पुढचा गिऱ्हाईक लांबणीवर पडतो. १९२४ च्या अखेरीस जगातील मोठ्या विजेच्या दिवे-उत्पादकांनी जिनिव्हात ‘फीबस’ नावाचा संघ स्थापून दिव्याचे आयुष्य सुमारे एक हजार तासांवर आणून ठेवले आणि त्याहून जास्त टिकणारे दिवे बनविणाऱ्या सदस्याला दंड लावण्याची तजवीज केली, हे सर्वज्ञात आहे. आजच्या फोन कंपन्यांनी असा काही कट केला आहे, असे म्हणण्याचे कारण नाही. कटाची गरजही नाही. प्रत्येकाचा स्वार्थ एकाच दिशेने वाहत असला की न बोलताही एकमत होते.

बॅटरी स्वस्तात बदलून मिळाली तर काय होते, याचा दाखला खुद्द ॲपल कंपनीने दिला आहे. बॅटरी जुनी झालेल्या आयफोनची गती आपण कमी करीत होतो, हे तिने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. लोकक्षोभ शमविण्यासाठी बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. पुढे जानेवारी २०१९ मध्ये कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी भागधारकांना पत्र लिहून उत्पन्न अपेक्षेपेक्षा कमी येणार असल्याचे कळविले. त्याच्या कारणांत चीनमधील मंदीबरोबरच स्वस्तात बदलून मिळालेल्या बॅटऱ्यांचाही उल्लेख होता. म्हणजे बॅटरी स्वस्त झाली तेव्हा लोकांनी जुने फोन ठेवले. लोकांना नव्याची हौसच फार, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

आणखी एक तुलना पाहावी. २००७ साली नोकियाच्या बीएल-५सी या बॅटरीत दोष आढळला. मात्सुशिता कंपनीने बनविलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबाबत इशारा द्यावा लागला. भारतातही घबराट झाली. परंतु उपाय सोपा होता: क्रमांक पाहावा, बॅटरी काढावी, नवी घालावी. २०१६ मध्ये सॅमसंगच्या गॅलक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या, तेव्हा बॅटरी आत बंद असल्यामुळे सुमारे २५ लाख फोनच परत मागवावे लागले आणि अखेर ते मॉडेलच बंद पडले. बंद रचना कंपनीलाही कधी कधी महागात पडते, ती अशी.

उत्पादकांची बाजू

या विषयात उत्पादकांचेही म्हणणे आहे आणि ते ऐकून घेणे न्यायाचे होईल. निघणाऱ्या बॅटरीला टणक कवच लागते, झाकणाला जागा लागते. त्यामुळे फोन जाड होतो किंवा बॅटरी लहान करावी लागते. बंद फोनमध्ये पाणी आणि धूळ शिरत नाही. ग्राहकाने स्वस्तातील बनावट बॅटरी घातली तर अपघात होतो आणि नाव कंपनीचे खराब होते.

यांतील पहिला मुद्दा मान्य करता येईल. पण केसभर जाडी वाचविण्यासाठी ग्राहकाने हजारो रुपये मोजावेत काय, हे ग्राहकाला कोणी विचारलेले नाही. बाजारात दोन्ही प्रकारचे फोन शेजारी शेजारी मांडलेले असते तर त्याची निवड कळली असती. पर्यायच नसेल तर लोकांना हेच हवे आहे हे विधान पोकळ ठरते. पाण्याचा मुद्दा अर्धाच खरा आहे. सॅमसंगचाच २०१४ मधील गॅलक्सी एस ५ हा फोन पाण्यापासून संरक्षित होता आणि त्याची बॅटरीही हाताने निघत होती. तेव्हा हे अशक्य नाही; फार तर थोडे अधिक कष्टाचे आहे.

बनावट बॅटरीचा मुद्दा मात्र गंभीर आहे. पण तो उत्पादकांच्याच अंगावर उलटतो. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ यांनी दाखवून दिले की जेथे खऱ्या-खोट्याची पारख विक्रेत्याला असते आणि ग्राहकाला नसते, तेथे खोटा माल खऱ्याला बाजारातून हुसकावून लावतो. सुट्या बॅटऱ्यांच्या बाजाराची नेमकी हीच अवस्था आहे. अनेक कंपन्या अस्सल बॅटरी गावातील दुरुस्ती करणाऱ्याला विकत नाहीत. साहजिकच तो शहरातून मिळेल ती बॅटरी आणतो. वर ‘ओरिजिनल’ अशी अक्षरे असतात. आत काय आहे ते त्यालाही ठाऊक नसते. भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी या बॅटऱ्यांना लागू आहे, पण खेड्यातील दुकानात ती तपासणार कोण? अस्सल माल दारात मिळू लागला तर बनावट मालाचे निम्मे आकर्षण आपोआप संपेल. अस्सल माल अडवून ठेवावयाचा आणि बनावट मालाच्या धोक्याकडे बोट दाखवावयाचे, हा युक्तिवाद आपणच विहिरीला कुलूप घालून लोक डबक्याचे पाणी पितात अशी तक्रार करण्यासारखा आहे.

सुटे भाग अडवून ठेवणे हा आपल्या देशात नवा वाद नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिरांना न देऊन त्यांनी ग्राहकाला आपल्याच दुकानाशी बांधून ठेवले, असा आयोगाचा निष्कर्ष होता. त्या दंडावर पुढे अपिले झाली. परंतु तत्त्व स्पष्ट झाले. मोटारीला जे लागू, ते फोनला का लागू नसावे? मोटार गावात मोजक्यांकडे असते. फोन मजुराकडेही असतो.

करावयाचे काय?

युरोपीय संघाने या प्रश्नावर कायदा केला आहे. २०२३ च्या त्याच्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतील बॅटरी ग्राहकाला साध्या हत्यारांनी काढता व बदलता आली पाहिजे आणि त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून किमान पाच वर्षे सुटी बॅटरी वाजवी दरात मिळाली पाहिजे. फोनसाठीचे वेगळे नियम २० जून २०२५ पासून लागू झाले. त्यांत आठशे आवर्तनांनंतर बॅटरीत ८० टक्के शक्ती उरावी, अशी अट आहे. यात पळवाटही आहे: जी बॅटरी हजार आवर्तने टिकते आणि जो फोन पाण्यापासून संरक्षित आहे, त्याला घरी बॅटरी बदलता येण्याच्या अटीतून सूट मिळते. तरीही निदान ‘टिकाऊ करा किंवा उघडता येईल असे करा’ एवढे तरी उत्पादकाला सांगण्यात आले आहे.

आपल्याकडेही विचार सुरू झालेला आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी ही चार क्षेत्रे निवडली. २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठी संकेतस्थळ सुरू झाले. वस्तू दुरुस्तीला किती सुलभ आहे याचे गुण तिच्यावर छापण्याबाबत भरत खेरा समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. दिशा योग्य आहे. परंतु संकेतस्थळ आणि गुणांकन यांच्या पाठीशी सक्ती नसेल तर ते सदिच्छेच्या पातळीवरच राहते.

म्हणून काही गोष्टी स्पष्टपणे मागावयास हव्यात. पहिली, बॅटरी बदलण्याचा एकूण दर फोनच्या खोक्यावर छापावा आणि तो पाच वर्षे पाळणे कंपनीवर बंधनकारक असावे. पुढे काय मोजावे लागणार हे ग्राहकाला आजच कळले तर बाजारात खरी स्पर्धा होईल. दुसरी, अस्सल बॅटरी आणि दुरुस्तीची माहिती गावातील कारागिराला त्याच दरात मिळावी. तिसरी, ठरावीक मुदतीनंतर विकला जाणारा फोन साध्या हत्यारांनी उघडता यावा. चौथी, नव्या फोनवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे आणि बॅटरीवर व दुरुस्तीच्या सेवेवरही तितकाच आहे; वाचविणाऱ्याला आणि टाकून देणाऱ्याला एकाच दराने कर लावणे हे शहाणपणाचे धोरण नव्हे. स्वीडनने २०१७ मध्ये सायकली, पादत्राणे आणि कपडे यांच्या दुरुस्तीवरील कर कमी केला होता. पाचवी, शासनाने स्वतःच्या खरेदीत बॅटरी बदलण्याची सोय व खर्च यांची अट घालावी. लाखभर फोनचे गिऱ्हाईक बोलू लागले की उत्पादकाला ऐकावेच लागते.

यात रोजगाराचाही एक धागा आहे. नव्या फोनवर खर्च झालेल्या रुपयाचा फारच थोडा हिस्सा गावात राहतो; दुरुस्तीवर खर्च झालेल्या रुपयातील मजुरी गावातल्याच तरुणाच्या हाती पडते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेल्या, हातात कसब असलेल्या मुलांना अस्सल सुटे भाग आणि रीतसर माहिती मिळाली, तर प्रत्येक मोठ्या गावात दोन-तीन घरे त्यावर चालू शकतील. शिवाय उकिरड्यावर जाणाऱ्या बॅटऱ्यांचा प्रश्न आहेच. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. परंतु जी बॅटरी फोनमधून निघतच नाही, ती वेगळी गोळा व्हावी कशी?

ग्राहकाची चळवळ महाराष्ट्राला नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदाही नव्हता. तो आला १९८६ साली. त्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्याने केंद्रीय प्राधिकरण उभे केले आणि जिल्हा आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क ठेवलेले नाही. साधने आहेत, ती वापरणारे हवेत. शिक्षकांनी, कारकुनांनी आणि विद्यार्थ्यांनी पुढचा फोन घेताना कॅमेऱ्याचा प्रश्न विचारण्याआधी दुकानदाराला एवढेच विचारावे: याची बॅटरी बदलावयास किती रुपये पडतील, कोठे जावे लागेल आणि किती वर्षे ती मिळेल? पहिल्या दहा गिऱ्हाइकांना उत्तर मिळणार नाही. शंभरावे गिऱ्हाईक तोच प्रश्न घेऊन आले, म्हणजे दुकानदार तो वितरकाला विचारील आणि वितरक कंपनीला. मागणी केल्यावाचून पुरवठा होत नाही, हे अर्थशास्त्राचे पहिले पान आहे.